पुलावर थांबा नाही

तपासनीस बाईंनी आयुष्यात एकही चौकट रिकामी सोडली नव्हती. चौतीस वर्षं त्यांनी शाळा तपासल्या. वर्गाच्या शेवटच्या बाकावर गुपचूप बसायचं, शिक्षक काय शिकवतात यापेक्षा मुलं कुठे बघताहेत याकडे लक्ष ठेवायचं, आणि घरी येऊन छापील कागदावरच्या सात चौकटी भरायच्या. भल्याभल्यांची त्यांना बघून पाचावर धारण बसायची. बाई मात्र कधी कोणावर ओरडल्या नाहीत. त्यांना ओरडायची गरजच नव्हती. त्यांच्याकडे पेन होतं.

त्यांच्या तावडीत सापडलेल्या शिक्षकांपैकी एकजण पुढे पक्षाचा अध्यक्ष झाला. तरुणपणी तो भूगोल शिकवत असताना बाई 'आवाज उत्तम, नकाशा उलटा टांगलेला' असा शेरा मारून गेल्या होत्या. दुसऱ्या कोणी मनात अढी धरली असती. याने शेरा मनावर घेतला, शाळा सोडली आणि आवाजाच्या जोरावर राजकारणात शिरला. बाई निवृत्त झाल्या तेव्हा अध्यक्षांनी स्वतः गाडी पाठवून त्यांना बोलावून घेतलं. तेव्हापासून पक्षात कोणाला वरच्या जागेवर न्यायचं आणि कोणाला आहे तिथेच राहू द्यायचं, हे ठरायच्या आधी बाईंचा कागद यायचा. त्यावर पुन्हा सातच चौकटी: वक्तृत्व, लोकसंग्रह, अभ्यास, स्मरणशक्ती, चारित्र्य, प्रकृती आणि शेवटी शिफारस. बाईंनी लिहिलं की ती काळ्या दगडावरची रेघ.

त्या वर्षी देशाच्या संसदेची निवडणूक तोंडावर आली होती आणि अध्यक्षांच्या मनात एकच माणूस घोळत होता. त्याला सगळे कंडक्टर म्हणायचे. कंडक्टर सोळा वर्षं राज्याच्या विधिमंडळात निवडून येत होते, पण त्याआधी बावीस वर्षं ते खरोखरच बसवर कंडक्टर होते, आणि लोकांनी त्यांची जुनी नोकरी काही सुटू दिली नव्हती. त्यांची ख्याती अशी की खिशात कधी कागदाचा चिटोराही नसायचा. कोणाची काय अडचण, कोणाच्या घरी कोण आजारी, कुठल्या गल्लीतला दिवा कधीपासून बंद, सगळं तोंडपाठ. विधिमंडळात बोलायला उभे राहिले की डोळे मिटायचे आणि एकेका थांब्याचं नाव घेत बोलत सुटायचे. विरोधी बाकांवरची माणसंसुद्धा कान देऊन ऐकायची. अध्यक्षांना ती शैली इतकी भावली होती की त्यांनी एकदा स्वतः तशी करून पाहिली आणि दुसऱ्याच थांब्यावर गाडी बंद पडली.

बाईंना बोलावून अध्यक्ष म्हणाले, की यांची बलस्थानं तेवढी नीट लिहून द्या. कमतरता नकोत, त्या विरोधक फुकटात शोधून देतील. बाईंनी मान हलवली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कोणाच्याही सांगण्यावरून अर्धा कागद भरायची त्यांना सवय नव्हती.

कंडक्टरांना गाठायचं तर मंगळवारी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अधिवेशन नसलं की दर मंगळवारी सकाळी ते आपल्या जुन्याच मार्गावरच्या बसमध्ये चढायचे आणि दुपार कलेपर्यंत येरझाऱ्या घालायचे. तिकिटं आता ड्रायव्हरच्या शेजारचं यंत्र द्यायचं, बसवर कंडक्टर उरलेच नव्हते. तरी हे पुढच्या दाराजवळ, दांड्याला पाठ टेकून, पूर्वी उभे राहायचे तिथेच उभे. हातात तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा. लोक चढायचे, पुढचा थांबा येईपर्यंत आपलं गाऱ्हाणं सांगायचे आणि उतरून जायचे. दोन थांब्यांच्या मधे जे सांगून होत नाही ते गाऱ्हाणंच नव्हे, ते रडगाणं, असं कंडक्टरांचं म्हणणं. ऐकून झालं की ते हवेतल्या हवेत चिमटा वाजवायचे, टक्. म्हणजे नोंद झाली.

पहिल्या मंगळवारी बाई चौथ्या थांब्यावर चढल्या त्या काही न बोलता थेट मागच्या बाकावर जाऊन बसल्या. थंडीची सकाळ होती. खिडक्यांच्या काचा धुक्याने पांढऱ्या झाल्या होत्या आणि बाहेर शहर आहे की नाही ते कळत नव्हतं. मधेच एखादा दिवा, एखादं दुकानाचं अर्धं उघडलेलं दार, सायकलवरचा कोणीतरी तरंगत यायचा आणि तरंगत निघून जायचा. बस जुनी होती, तिचं इंजिन एका सुरात गुणगुणायचं. बाईंना वाटलं, आपण जागे आहोत खरे, पण पुरते नाही.

आणि त्या गुणगुणण्यातून कंडक्टरांचा आवाज यायचा. पाचव्या थांब्यावर औषधाच्या दुकानातली बाई चढली. ती तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, की सासऱ्यांच्या डोळ्याची पट्टी निघाली का, आणि दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली का. सहाव्यावर गोदामाचा म्हातारा पहारेकरी. त्याच्या बदलीचा कागद कोणाच्या टेबलावर अडकलाय आणि त्या टेबलावरचा कारकून रजेवरून कधी येणार, हे त्यांनी त्यालाच सांगितलं. आठव्या थांब्यावर तर कोणी चढलंच नाही, तरी ते खिडकीतून बघत स्वतःशी म्हणाले, "इथली शिक्षिका आज आली नाही. दम्याने उचल खाल्लेली दिसते." टक्.

बाईंनी मांडीवरच्या कागदावर 'स्मरणशक्ती' या चौकटीत लिहिलं, विलक्षण. हा शब्द त्यांनी चौतीस वर्षांत दोनदाच वापरला होता.

नववा थांबा मागे पडला आणि बस पुलावर चढली. नदी इतकी रुंद होती की पूल ओलांडायला दहा-बारा मिनिटं लागायची, आणि पुलावर थांबा नाही. बाईंना वाटलं, निवांत बोलायला हीच वेळ बरी. त्या उठून पुढे गेल्या. बसमधली बोलणी आपोआप बंद झालेली त्यांना जाणवली, पण नदीला मान देण्याची इथली रीत असेल अशी त्यांनी समजूत करून घेतली. ड्रायव्हरने आरशातून त्यांच्याकडे बघून हलकेच मान हलवली, नको म्हटल्यासारखी. बाईंनी तिकडेही लक्ष दिलं नाही. त्यांनी कंडक्टरांना सविस्तर सांगितलं, की मी अमुक, अध्यक्षांनी पाठवलंय, संसदेसाठी तुमचं नाव चाललंय, मी कागद भरणार, चार प्रश्न विचारणार. कंडक्टरांनी सगळं मन लावून ऐकलं. चेहरा उजळला होता. चिमटा मात्र वाजला नाही.

बस दहाव्या थांब्याला लागली. कंडक्टर त्यांच्याकडे वळले आणि अगदी आदबीने म्हणाले, "बोला बाई, तुमचं काय काम?"

बाईंना वाटलं, काय पक्का माणूस आहे, चारचौघांत ताकास तूर लागू देत नाही. त्यांना गंमत वाटली आणि त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. या खेपेला चिमटा वाजला.

मार्गाच्या शेवटी, बाराव्या थांब्यावर, बस वीस मिनिटं उभी राहायची. तिथल्या टपरीवर दोघांनी चहा घेतला. धुकं विरत चाललं होतं. कंडक्टरांनी बाईंना आपलं एक स्वप्न सांगितलं, जे त्यांना वारंवार पडायचं. संसदेचं ते मोठं सभागृह, दोन्ही बाजूंना बाकं आणि मधून वाट. "बसच की हो ती," ते हसत म्हणाले. "मी त्या वाटेने चाललोय. सगळे आपापल्या थांब्याचं सांगताहेत, आणि खिडकीबाहेर असा मुलूख, जो मी कधी पाहिला नाही." मग त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "अडतीस वर्षं झाली बाई, या बारा थांब्यांच्या पलीकडे काय आहे ते मी बघितलेलं नाही. विधिमंडळसुद्धा याच मार्गावर, सातव्याला. एकदा बघायचंय. खरं सांगतो, फार वाटतं."

इतक्या सरळपणे कोणी उमेदवाराने आपली हाव कबूल केलेली बाईंनी ऐकली नव्हती. बाकीचे सगळे देशसेवा वगैरे म्हणायचे. त्यांनी 'चारित्र्य' या चौकटीत लिहिलं, स्वच्छ.

आता राहिले होते ते अभ्यासाबद्दलचे चार प्रश्न. ते विचारायला बाई गुरुवारी कंडक्टरांच्या ऑफिसात गेल्या. छोटीशी खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर थांबलेलं घड्याळ. कंडक्टर एकटेच बसले होते. बाईंना बघताच तोंडभर हसून उठले. "या, या! तुम्हाला कोण विसरेल?"

बाई खुर्चीत टेकल्या आणि सहज म्हणाल्या, की त्या पहारेकऱ्याच्या बदलीचं काय झालं हो. कंडक्टर हसले. म्हणाले, होईल, होईल, सगळ्यांचं होईल. औषधाच्या दुकानातल्या बाईचं विचारलं, तर म्हणाले, औषधाने माणूस बरा होतो, दुकानाने नाही. बाईही हसल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमचं ते स्वप्न पुन्हा पडलं का?" कंडक्टर तसेच हसत राहिले. डोळे मात्र बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते, आणि उजवा हात टेबलाच्या कडेवर दांडा चाचपल्यासारखा पुढे-मागे फिरत होता.

ते हसू बाईंच्या ओळखीचं होतं. कसेबसे निरोपाचे दोन शब्द बोलून त्या बाहेर पडल्या आणि रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर जाऊन बसल्या.

बाईंची आई शेवटची वर्षं आपल्या दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची. खिडकीपाशी तिचं शिवणयंत्र होतं. त्याच्यावर हात ठेवून बसली की तिला सगळं आठवायचं, कोणाचा झगा कधी शिवला, कोणाच्या बाहीला किती कापड कमी पडलं, लेकीला कुठल्या इयत्तेत गोवर आला. यंत्रापासून चार पावलं लांब आली की लेकीलाच विचारायची, "तुम्ही कोणाकडे आलात?" आणि वर हे असंच हसू, समोरचा दुखावू नये म्हणून चढवलेलं. बाईंनी सगळा विचार करून आईला आपल्याकडे आणलं. मोठी खोली, दिवसभर ऊन, बोलायला माणूस. यंत्र जिन्यात अडकत होतं म्हणून तिथेच राहिलं. आठ दिवसांत आईच्या आठवणींचा दिवा गेला. पुढे तीन वर्षं जगली, त्या उजेडाच्या खोलीत, पण पूर्वीची आई पुन्हा कधी आली नाही. बाईंनी आयुष्यात किती शाळा तपासल्या, किती माणसं तपासली, चूक केली ती एवढीच. ती कुठल्याच चौकटीत लिहिता आली नव्हती.

पुढच्या मंगळवारी बाई पुन्हा चौथ्या थांब्यावर चढल्या. कंडक्टर म्हणाले, "मागे जागा आहे बाई, बसा निवांत." ओळखीची खूण नाही. पाचवा थांबा आला आणि औषधाच्या दुकानातल्या बाईच्या सासऱ्यांची तारीख त्यांच्या तोंडून लगेच बाहेर पडली. सहाव्याला पहारेकरी. पुलावर सगळे चूप, आणि कंडक्टर दांड्याला टेकून नदीकडे बघत राहिले, लहान मूल बघतं तसे, कशाचंही ओझं नसलेले. दहाव्या थांब्याची पाटी दिसली मात्र, ते गर्रकन वळले. "तपासनीस बाई! केव्हा चढलात? सात चौकटींचा कागद ना तुमचा? कुठवर आलाय?"

बाराव्या थांब्यावर ते तोंड धुवायला गेले तेव्हा बाई ड्रायव्हरपाशी आल्या. हा ड्रायव्हर म्हणजे कंडक्टरांच्या बायकोचा धाकटा भाऊ. मेहुण्यांची ही जोडी या मार्गावर पंचवीस वर्षं एकत्र होती.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

ड्रायव्हरने उगाच स्टिअरिंग पुसायला घेतलं. पुसता पुसता म्हणाला, "दीड वर्ष. आधी मला वाटलं, चेष्टा करताहेत. दाजींना चेष्टा फार लागते." मग एकदा बोलायला लागल्यावर त्याचं बोलणं थांबेना. थांब्यावर जे ऐकतात ते थांब्याला चिकटून राहतं आणि थांबा आला की परत येतं. पुलावर ऐकलेलं मात्र नदीत जातं, म्हणून रोजच्या लोकांना त्यानेच सांगून ठेवलंय, की पुलावर दाजींना विश्रांती लागते, बोलू नका. विधिमंडळात उभे राहतात तेव्हा डोळे मिटून मनातल्या मनात याच बसमध्ये चढतात, म्हणून तरून जातं. गेल्या अधिवेशनात कोणीतरी मधेच दुसऱ्याच गावच्या धरणाचं विचारलं, तर पाच मिनिटं नुसते हसत उभे होते. पेपरात आलं, अनुभवी नेत्याचं सूचक मौन.

"त्यांना स्वतःला ठाऊक आहे?"

"या बसमध्ये असतात तेव्हा ठाऊक असतं. घरी गेले की तेही विसरतात." ड्रायव्हरने मान खाली घातली. "ताईला मी अजून सांगितलेलं नाही. वर्षभराने मुदत संपते. पुन्हा उभं राहायचं नाही असं त्यांनीच मला सांगितलंय, याच थांब्यावर. आणि तेवढ्यात तुमचं हे संसदेचं आलं. बाई, तुम्ही चांगलं लिहिलंत तर ते जातील. लहान मुलासारखे नाचत जातील. आणि तिथे रोज कोणीतरी उठून कुठल्यातरी धरणाचं विचारणार. खरं कारण लिहिलंत तर उद्या पेपरात येईल आणि लोक त्यांना या बसमध्ये बघायला येतील, सांगायला नाही."

बाईंनी त्याला एवढंच सांगितलं, की महिन्याच्या आत ताईच्या कानावर घाल आणि दोघं मिळून त्यांना डॉक्टरकडे ने. तो हो म्हणाला, आणि ज्या तऱ्हेने म्हणाला त्यावरून कोणीतरी हे आपल्याला बजावावं याची तो दीड वर्ष वाट बघत होता असं बाईंना वाटलं.

त्या आठवड्यात बाईंनी कागद चार वेळा पुढ्यात घेतला आणि चार वेळा बाजूला ठेवला. खोटं लिहिणं त्यांच्या हाताला ठाऊक नव्हतं आणि खरं लिहायला हात धजत नव्हता. दुपारच्या उन्हात, आईच्याच त्या खोलीत, त्यांना बसल्या बसल्या डुलकी लागली. त्या डुलकीत त्या बसमध्ये होत्या, मागच्या बाकावर, आणि पुढे दांड्यापाशी आई उभी होती, मानेभोवती कापड मोजायची फीत टाकून. प्रत्येक थांब्यावर ती एकेकाचं माप सांगत होती आणि एकही चुकत नव्हतं. बाई उठून तिला म्हणणार होत्या, की चल, माझ्याकडे मोठी खोली आहे. पण त्या उठल्या नाहीत. बसूनच राहिल्या आणि ऐकत राहिल्या. जाग आली तेव्हा गाल ओले होते.

मग त्यांनी पेन उचललं. वक्तृत्व, लोकसंग्रह, बसमध्ये दिसला तेवढा अभ्यास, एकेका चौकटीत त्यांनी इतकी बलस्थानं लिहिली की जागा पुरेना, समासात लिहावी लागली. प्रकृतीच्या चौकटीत लिहिलं, 'काळजी घरच्यांकडे सोपवली आहे.' 'विलक्षण' हा शब्द त्यांनी खोडला नाही, त्याच्यापुढे फक्त दोन शब्द जोडले: 'बारा थांब्यांपुरती.' आणि शेवटच्या चौकटीत लिहिलं, 'यांना यांच्या मार्गावरून हलवू नये.'

अध्यक्षांचा फोन आला. सहा चौकटी सोन्याच्या आणि सातवी अशी, हे काय, म्हणाले. कारण विचारलं. बाई म्हणाल्या, कारण कागदावर आहे, नीट वाचा, नकाशा सरळ धरून वाचा. पलीकडे कागद पुन्हा उलटल्याचा आवाज आला. मग अध्यक्ष म्हणाले, बरं. दुसरा माणूस बघतो. त्यांना किती समजलं होतं ते त्यांनाच ठाऊक, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि एवढ्यासाठी बाईंनी मनातल्या मनात त्यांचा भूगोलाचा शेरा पुसून टाकला.

राहिलं होतं कंडक्टरांना सांगणं. ते दुसऱ्या कोणावर ढकलता आलं असतं, पण बाईंनी आजवर कुठल्या शिक्षकापासून त्याचा शेरा लपवला नव्हता. मंगळवारी त्या निघाल्या. कुठे सांगायचं हे त्यांनी घरूनच ठरवलं होतं.

जाताना दहाव्या थांब्यावर कंडक्टरांनी ओळखलंच. "काय लिहिलंत बाई?" त्यांच्या आवाजात लपवलेली घाई होती. बाई म्हणाल्या, पुढे सांगते. चिमटा वाजला.

परतीच्या वाटेवर बसने दहावा थांबा सोडला तेव्हा बाई उठून त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. कंडक्टर त्यांच्याकडेच बघत होते, थांब्यावरचं सगळं अजून ताजं होतं. पुढचं चाक पुलाला लागल्याचा हिसका बसला. ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि नजर काढून घेतली. बस त्याने आपणहून हळू केली. दोन्ही बाजूंना नुसतं पाणी आणि पाण्यावर धुकं, वर-खाली काही कळू नये असं.

"नको म्हणून लिहिलं," बाई म्हणाल्या.

कंडक्टरांनी एकदा पाण्याकडे बघितलं. मग म्हणाले, "का?"

"माझ्या आईला मी एकदा मोठ्या घरात नेलं होतं. चांगल्यासाठीच नेलं होतं. तिचं शिवणयंत्र मागे राहिलं." बाईंनी पिशवीचा बंद मुठीत धरला. "यंत्रापाशी तिला सगळं आठवायचं."

कंडक्टरांनी दांडा घट्ट धरला. त्यांना समजलं. अर्धंमुर्धं नाही, सगळं समजलं, आणि ते समजताना त्यांच्या चेहऱ्यावर आलेलं बाईंना बघवेना. तरी त्यांनी मान वळवली नाही. कोणीतरी बघायला हवं होतं.

"म्हणजे मी ते सभागृह बघणार नाही," ते म्हणाले.

"नाही."

पाणी सरकत राहिलं. एका ठिकाणी धुक्यातून कोवळं ऊन आलं, बसभर फिरलं आणि निघून गेलं. कंडक्टरांनी बाहीने डोळे पुसले. "हे तुम्ही मला दहाव्यावर सांगितलं असतंत," ते सावकाश म्हणाले, "तर दर मंगळवारी दहावा आला की मला हे पुन्हा कळलं असतं. दर मंगळवारी, नव्याने."

"म्हणून पुलावर सांगितलं."

त्यांनी बाईंकडे बघितलं. मग एकदाच, बाईंच्या हातावर हात ठेवला. "बाई, तुमच्या आईला असं पुलावर सांगणारं कोणी असायला हवं होतं," ते म्हणाले. पुलाचं टोक दिसायला लागलं तेव्हा त्यांचा हात हळूच सुटला, आणि चेहऱ्यावरून एकेक रेघ पुसली जात असलेली बाईंना अगदी जवळून दिसली. नवव्या थांब्यावर एक विद्यार्थिनी चढली. कंडक्टर तिच्याकडे वळून म्हणाले, "आलीस? वसतिगृहाच्या जिन्यातला दिवा लागला की नाही?" टक्.

बाईंना तिथे उतरता आलं असतं. त्या उतरल्या नाहीत. मागच्या बाकावर जाऊन बसल्या. बस पहिल्या थांब्यापर्यंत गेली, वळली, आणि पुन्हा एकेक थांबा घेत पुलावरून दहाव्याला आली. कंडक्टर गर्रकन वळले.

"तपासनीस बाई!" तोच चेहरा, तीच लपवलेली घाई. "पुढे सांगते म्हणालात, आणि सांगितलं नाहीत. काय लिहिलंत?"

आरशातून ड्रायव्हर बघत होता. बाईंनी मांडीवरची पिशवी सरळ केली.

"एक चौकट राहिलीय अजून," त्या म्हणाल्या. "घाई करू नका, होतंय."

कंडक्टर हसले, समाधानाने मान हलवली आणि चिमटा वाजवला. चौतीस वर्षं शाळांमध्ये आणि पुढे पक्षात बाईंनी कधी खोटं सांगितलं नव्हतं. आता त्या दर मंगळवारी चौथ्या थांब्यावर चढतात आणि दहाव्यावर ते सांगतात.